जानाईच्या घळीचे बाण

हरिबाचं डोकं सकाळी साडेनऊलाच फिरलं. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी कडेगावची बस थांबली, बत्तीस माणसं उतरली आणि त्यांतली सत्तरीची बनुबाई पहिल्याच बाणापाशी अडून बसली.

आजचा दिवस हरिबाला महत्त्वाचा होता. नऊ वर्षं तो इथं रोजंदारीवर वाटाड्या होता. साताऱ्याचे साहेब आज तपासणीला यायचे होते आणि त्यांच्या बॅगेत हरिबाला कायम करायचा कागद होता. घळीभोवतीच्या गोल वाटेवर माणसं बाणाप्रमाणे चालताना दिसली तर सही होणार, नाहीतर हरिबा उद्यापासून घरी.

घळीच्या मधोमध सुळका आणि त्यावर जानाईचं ठाणं. बाण उजवीकडं जात होते, म्हणजे चालणाऱ्याच्या डाव्या हाताला देवी.

"देवीला डावी घालून मी जल्मात फिरले न्हाई," असं म्हणून बनुबाई डावीकडं वळली.

हरिबानं समजावलं. कड्यावर दोराची जागा आहे, तिथून एका वेळी एकच माणूस जातो, समोरून दुसरं आलं तर दोघांचं कठीण होईल. बनुबाईनं शांतपणे सांगितलं की मग समोरच्याला फिरवा. तिच्या मागं सून मयूरी गेली, सुनेमागं उरलेली तीस. हरिबा शिव्या गिळत त्यांच्या मागं पळाला.

दोरापाशी व्हायचं तेच झालं. समोरून बाणाप्रमाणे आलेली सांगलीची कॉलेजची पोरं उभी. त्यांचा म्होरक्या निमिष नियम सांगायला लागला. बनुबाईनं फक्त त्याची परीक्षा कधी आहे ते विचारलं. सोमवारी होती. निमिष मुकाट फिरला आणि त्याच्यामागं सगळी पोरं फिरली. त्यांनी पुढं म्हसवडच्या मास्तरांना फिरवलं, मास्तरांनी औंधच्या भिशी मंडळाला. बारापर्यंत वाटेवरचं एकूणएक माणूस उलटं चालत होतं आणि हरिबा दोराशी उभा राहून एकेकाला हात देत होता.

"दोर सोडू नका, खाली बघू नका आणि माज्याशी बोलू नका," तो प्रत्येकाला बजावत होता.

एवढ्यात बाणाप्रमाणे साहेब आले, मागं फायली घेऊन कारकून सुमंत. कड्यावर साहेब आणि भिशीच्या अध्यक्षीणबाई समोरासमोर आल्या. साहेबांनाच उलट्या पावली मागं सरकावं लागलं. मोकळ्या जागेत आल्यावर त्यांनी विचारलं, "यांना उलटं कुणी सोडलं?"

बनुबाई एका दगडावर गुडघे चोळत बसली होती. तिच्याकडं बोट दाखवलं की हरिबा सुटणार होता. बोट उचललंही त्यानं. पण सकाळपासूनचा संताप एकट्या म्हातारीवर काढून संपण्यातला नव्हता.

"म्या सोडलं," तो म्हणाला. "ह्या गावात देवीला कुणी डावी घालत न्हाई, सायेब. बाण काढणाऱ्यानं इचारायचं तरी हुतं."

बाण साहेबांनीच काढले होते. ते लालबुंद झाले. हरिबाला तिथल्या तिथं घालवायला ते तोंड उघडणार, तोच शंभरेक माणसांनी मोबाइल वर धरलेले त्यांना दिसले. त्यांनी तोंड मिटलं आणि सुमंतला फर्मावलं, "नियमानं करा. कारणे दाखवा नोटीस द्या. मला लेखी खुलासा पाहिजे."

सुमंत अवघडला. रोजंदारीच्या माणसाला अशी नोटीस देता येत नाही, ती फक्त कायम कर्मचाऱ्याला देतात, हे त्यानं साहेबांच्या कानाशी लागून सांगितलं.

"मग आधी कायम करा त्याला!" साहेब कडाडले.

दगडावर फाइल ठेवून त्यांनी दातओठ खात दोन सह्या केल्या, पहिली नेमणुकीवर आणि दुसरी नोटिशीवर.

संध्याकाळी बायकोनं नेमणुकीचा कागद देवापुढं ठेवला, साखर वाटली. हरिबाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो अजून धुमसत होता आणि नोटीस पुन्हा पुन्हा वाचत होता. आपण असे का वागलात, याचा सात दिवसांत खुलासा करावा. नऊ वर्षांत त्याला एवढ्या आदरानं कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्यानं पोरीची नवी वही मागून घेतली. सातव्या दिवशी ती भरली, तेव्हा तो आणखी मुदत मागायला साताऱ्याला गेला.