छत उघडायचं बटण

गाडी घरी आली त्याच दिवशी तिचं माहितीपुस्तक मी पिशवीसकट डिकीत टाकलं. सोळा वर्षं ट्रॅक्टर हाकलेल्या माणसाला बटणं शिकवता?

"एकदा वाचा तरी," बायको गौतमी म्हणाली.

"पुस्तक वाचून कुणी गाडी चालवतं का!"

परवा माझ्या धाकट्या बहिणीचा, सोनालीचा, साखरपुडा होता. वडलांमागं घरात थोरले असलेले आमचे चुलते हैबतराव, म्हणजे आण्णा, माझ्या लग्नापासून सहा वर्षं रुसून चांद्याला बसलेले. आणि नवऱ्याकडच्यांनी बजावलेलं, घरातलं थोरलं माणूस नसेल तर साखरपुडा नाही! नव्या गाडीतून आणीन म्हटल्यावर आण्णा कसेबसे तयार झाले.

आमचं गाव माले जवळ आलं तसं आण्णांनी फर्मान सोडलं, "कैलास, वरचं छत उघड. म्या हुबा ऱ्हाऊन गावात येनार!"

"आत्ता उघडतो!"

डोक्यावर तीन बटणं होती. मी ऐटीत लाल दाबलं. छत जागचं हललं नाही, पण छतातून एक बाई बोलली!

"नमस्कार, आपत्कालीन मदत केंद्र. काय झालंय, सांगाल का?"

सहा वर्षांत आण्णांना असं कुणी विचारलंच नव्हतं!

"सांगतो की!" ते छताकडं बघून सुरू झाले. "ह्याच्या लग्नात माज्याआदी ह्याच्या मामाला फेटा बांदला, बाई! समद्या गावासमोर!"

जुनं सगळं आठवून म्हातारा इथंच उतरला तर सोनालीचं काय? मी गाडी कडेला घेतली आणि बाईंना गप्प करायला दिसेल ते बटण दाबत सुटलो. वायपर फडफडायला लागले. काचेवर पाणी उडालं. रेडिओवर भजन लागलं.

"आण्णा, गप बसा!"

"का गप बसू? त्या इचारत्यात न्हवं!"

हा आरडाओरडा ऐकून बाईंनी गाडीच्या कागदात दिलेल्या घरच्या नंबरावर फोन लावला. गावाबाहेरच्या रस्त्यावर तुमच्या गाडीतून मदतीची हाक आलीये, आत एक म्हातारे गृहस्थ ओरडताहेत!

दहाव्या मिनिटाला टेम्पो हजर! त्यात गौतमी, सोनाली, नवरदेव, अख्खं वऱ्हाड आणि झाऱ्यासकट आचारी.

"आण्णाऽऽ!" सोनालीनं रडत त्यांच्या गळ्याला मिठी मारली. मागं सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावले.

आण्णा बघतच राहिले. "एवडी मानसं? माज्यासाटी?" मग ते गाडीतून उतरले आणि टेम्पोत पुढं जाऊन बसले. "चला रं! आपल्या पोरीला कुकू लावायचंय!"

टेम्पो गेला. साखरपुडा झकास झाला म्हणे. म्हणे, कारण मी तिथं नव्हतोच! मी रस्त्याच्या कडेला, कोरड्या ठणठणीत उन्हात, छताकडं तोंड करून विनवण्या करत होतो,

"ताई, तेवढा वायपर कसा बंद करायचा?"