आगगाडीला मानवणारा दाब

मी वीजखात्यात उपअभियंता आहे. त्यामुळे परदेशातल्या मेहुण्याने खऱ्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती असलेली आगगाडी भेट पाठवली, तेव्हा दिवाणखान्यात रूळ मांडून ती चालवण्याची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली.

"अहो, हिच्या पॉवर सप्लायवर एकशे दहा व्होल्ट लिहिलंय," बायको म्हणाली. "आपल्याकडे दोनशे तीस येतात. जळेल ती."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"विजेचा दाब उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो दुकानात. घेऊन या."

वीजखात्याच्या अधिकाऱ्याने वीज दुरुस्त करून घ्यायला दुकानात जायचं! मी तो प्रस्ताव फेटाळला. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "भावजी, रविवारी येतोय. गाडी पळताना बघायचीय. नसेल जमत तर राहू द्या हं."

त्या 'राहू द्या'ने माझी झोप उडवली. सकाळी कार्यालयात जाऊन मी विषयाचा साकल्याने विचार केला. गाडी विजेशी जुळत नाही. गाडी परदेशी, तिच्यावर आपला अधिकार चालत नाही. विजेवर चालतो. मी वायरमनला बोलावलं आणि आमच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचा दाब निम्म्यावर आणायला सांगितलं.

"निम्म्यावर?" तो म्हणाला. "कशासाठी साहेब?"

"सुसंगतीसाठी."

हा शब्द ऐकल्यावर खात्यात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

संध्याकाळी गाडी सोफ्याखालून शिट्टी वाजवत अशी निघाली की माझा ऊर भरून आला. वर पंखा पाहुण्यासारखा संकोचून फिरत होता. फ्रिज कण्हत होता. बायको मेणबत्तीच्या उजेडात माझ्याकडे नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई कार्यालयात आल्या. "माझं मशीन रुग्णाच्या दाढेत अडकून बसलं! तो अजून तोंड उघडून बसलाय. वीज कमी येतेय."

"वीज बरोबर आहे, बाई. तुमचं मशीन विसंगत आहे."

"परवापर्यंत तर चालत होतं!"

"परवापर्यंत वीज विसंगत होती."

मी स्वतःच चकित झालो. आपण इतकं चांगलं बोलू शकतो याची मला कल्पना नव्हती. जाताना मी त्यांना दाब वाढवणारी पेटी घ्यायचा सल्ला दिला. त्यांनी घेतली. मग गल्लीने घेतली.

प्रकरण वरिष्ठ साहेबांपर्यंत गेलं. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत त्यांच्या केबिनमध्ये शिरलो. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"अर्धी वीज देऊन पूर्ण भागवलंत! आणि ओरड किती? एक दाढ! हे शहरभर करायचं."

शनिवारपर्यंत 'सौम्य वीज योजना' शहरभर लागू झाली. पेट्यांसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. रांगेत पेटी कोणत्या रंगाची घ्यावी यावर लोक तावातावाने भांडत होते.

रविवारी मेहुणा आला. मी बटणाकडे हात नेला, तोच त्याने बॅगेतून एक चकचकीत डबा काढला.

"भावजी, माझीच चूक झाली. तुमच्याकडे दोनशे तीस असतात हे विसरलोच होतो. हा खास तुमच्या विजेचा पॉवर सप्लाय आणलाय."

त्याने तो जोडला. गाडी थरथरली, वीतभर सरकली आणि थांबली.

"राहू द्या," मेहुणा म्हणाला. बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

मी तडक साहेबांना फोन करून दाब पूर्ववत करायची परवानगी मागितली.

"वेड लागलंय का?" साहेब म्हणाले. "घरोघरी पेट्या बसल्यात. आता पूर्ण वीज सोडली तर अख्खं शहर जळेल!"

तेव्हा योजना चालू आहे. मला बढती मिळाली. पूर्ण दाबाची मागणी एकाही नागरिकाने अजून केलेली नाही. तुमच्या घरातही ती पेटी आता गुणगुणत असेल. तुम्ही घेतलेला रंग कोणता?