बशीरचाचांचं खडेमीठ

बशीरचाचा आमच्या घरात पाऊल ठेवत नव्हते, कारण त्यांच्या मते आमच्या हॉलमध्ये मय्यत टांगलेली होती.

मय्यत म्हणजे सोनेरी चौकटीतलं इंद्रजाल. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळं, बारीक जाळीचं, पंख्यासारखं पसरलेलं आणि वाळक्या झुडपासारखं दिसणारं ते काहीतरी असतं. लाल मखमलीवर चिकटवून, वर काच लावून पूजेच्या सामानात विकतात. दारासमोर लावलं की घराला नजर लागत नाही आणि अडलेली कामं होतात म्हणे. आमच्या घरातलं अडलेलं काम मी होते.

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझं तोंड उघडत नाही. "मुलगी चांगली आहे, पण बोलते ना?" असं एका मध्यस्थाने वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं. शेवटी धावड्याच्या मामीच्या सांगण्यावरून आईने इंद्रजाल आणलं, आणि ते लावल्यावर आलेल्या पहिल्याच स्थळाने होकार दिला. खरं कारण एवढंच, की मुलगाही फार बोलणारा नव्हता. आम्ही दोघांनी मिळून गच्चीवर एक कप चहा संपवला आणि ते आम्हाला पुष्कळ झालं. श्रेय मात्र इंद्रजालाला गेलं.

बशीरचाचा समोरच्या घरात राहतात. जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या गल्लीत त्यांचं पिढीजात बांगड्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे ते एकटे. बाजाराच्या दिवशी मोपेडला पेट्या बांधून कधी वाटूर, कधी धावडा. दाढीला मेंदी, चष्म्याला सुतळी, आणि उजव्या हाताचा अंगठा इतका गुळगुळीत की त्यात ट्यूबलाइट चमकते. आयुष्यभर बायकांचे हात दाबून दाबून तो तसा झाला, असं आई सांगते.

त्यांनी कुठेतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून जालन्यात बसून समुद्र वाचवायला घेतला. इंद्रजाल हे झाड नसून समुद्राच्या तळाशी राहणारा जीव आहे, हे त्यांना त्या व्हिडिओने सांगितलं. मला ते शाळेत शिकवलेलं होतं, पण आमच्या शाळेत शिकलेल्या गोष्टी परीक्षेत लिहायच्या असतात, घरी बोलायच्या नसतात.

"जिंदा व्हतं ते!" हे चाचांचं पालुपद. शंख बघितला, कवड्यांची माळ बघितली, कोणाच्या बोटात पोवळं दिसलं की चाचा अशा चेहऱ्याने थांबतात, जणू सांत्वनाला आलेत. पोपटाच्या पिंजऱ्यात समुद्रफेस लावलेला बघून त्यांनी एकदा पोपटालाच समजावलं, "बाबा, ते हाड हाये कोनाचं तरी. तू चोच घासून राह्यला." पोपटाने त्यांना चावलं.

आमचं इंद्रजाल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हातात चहाचा कप घेऊन उभे होते. कप तसाच टीपॉयवर ठेवला.

"भाबी, हे काय टांगलं?"

"नजर लागू नये म्हनून."

"जिंदा व्हतं ते! कायदा हाये याच्यावर. गुन्हा हाये."

"मंग द्या मला आत टाकून," आई म्हणाली. "पोरीचं लग्न ठरलंय, ते लागल्यावर टाका."

"मय्यत हाये ही. मिट्टी द्या हिला. घरात मय्यत असली तर मी चाय पीत न्हाई."

आणि ते निघून गेले. तेव्हापासून पायरीच्या पलीकडे उभे राहून बोलायचे. आईही हट्टी. चहा पायरीवर नेऊन द्यायची, चाचा तो प्यायचे, आणि दोघंही आपापल्या बाजूने जिंकल्यासारखे वागायचे.

चाचांचा दुसरा नाद जमिनीतला. आपल्याकडे जुनं गाव उठून गेलेल्या जागेला पांढर म्हणतात. तिथली माती राखेसारखी असते आणि नांगरली की खापरं, मणी वर येतात. बाजार उठला की चाचा मोपेड बांधाला लावून अशा पांढरीत वाकून फिरतात. त्यांना हव्या असतात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. काच यायच्या आधी आपल्याकडच्या बायका शंख कापून केलेल्या बांगड्या घालत, असं ते सांगतात. असे तुकडे त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवलेले आहेत. कोणत्या काळातले विचारलं तर उत्तर एकच, "पैठनच्या राजाच्या टायमाचे." सगळेच.

पण ते राजासाठी हे जमवत नाहीत. ते तुकडा अंगठ्यावर ठेवतात, त्याचा बाक बघतात आणि माप सांगतात. "ही दोन-आठ. भरलेला हात, शेतात काम करनारी बाई. ही बघ, दोन-चार. तुझ्यासारखी, जेवताना नखरे करनारी."

एकदा वाटूरला त्यांना अख्खी बांगडी सापडली. पांढरीशुभ्र, कुठेही टवका नाही. चाचांनी ती रुमालात बांधली, डोळ्यांना लावली आणि शेतमालकाला दाखवायला गेले. तो म्हणाला, "चाचा, माझ्या ठिबकच्या पाइपाची रिंग हाये ती. कवापासून हुडकून राह्यलो." चाचांनी ती परत दिली, पण निघताना सांगून आले, "माप दोन-सहा हाये."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "चाचा, मग त्या बायकांसाठी पण शंख मारलेच ना?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मारले. त्यांना कोनी सांगितलं न्हाई. तुला मी सांगून राह्यलो."

आता तिसरी गोष्ट, जिच्यावर गल्लीत सर्वांत जास्त चर्चा होते. मीठ. चाचांना ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि ते खरंच अळणी जेवतात. पण किराणा दुकानातून दर आठवड्याला खडेमिठाची पिशवी घेऊन येतात. एवढं मीठ एकटा माणूस करतो काय? कोणी म्हणायचं लोणची घालतात, कोणी म्हणायचं पाय शेकतात. किराणावाला सांगायचा की ते खाऱ्या दाण्यांचा धंदा टाकणार आहेत आणि त्याला अंधारात ठेवून राह्यलेत.

त्यांच्या अंगणातल्या एका कोपऱ्यात काहीच उगवत नाही, हे मात्र कोणी मिठाशी जोडलं नव्हतं. आईने तिथे लावायला कढीपत्त्याचं रोप दिलं होतं. चाचांनी ते दाराशी लावलं. "त्या कोपऱ्यात न्हाई, भाबी," एवढंच म्हणाले.

माझ्या बारशाच्या इवल्या काळ्या बांगड्यांपासून आजवर माझ्या हातात दुसऱ्या कोणी बांगडी चढवलेली नाही. मी शाळेतून आले की हात पुढे करायचे, चाचा बोटांचे सांधे दाबून बांगडी सरकवायचे आणि सांगायचे, "इंग्लिश मीडियम, तुझा लग्नाचा चुडा बी मीच भरनार. दुसऱ्या कोनाला हात देऊ नको." मी फार कमी लोकांना हात देते. त्यांना देते.

मुलगा वाटूरचा, पण नोकरी रत्नागिरीला बँकेत, हे आईने पायरीवरून सांगितलं तेव्हा चाचा एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवत होते. "रत्नागिरी?" असं म्हणून ते थांबले. बांगडी अर्ध्यावर अडकली आणि ती बाई ओरडली. चाचांच्या हातून अडकलेली बांगडी मी पहिल्यांदाच पाहिली.

आमच्याकडे चुडा घरात, देवासमोर पाटावर बसून भरायचा असतो. लग्न जवळ आलं तसं पायरीवरचं भांडण खरं व्हायला लागलं.

"पायरीवर भरतो," चाचा म्हणाले.

"नवरीचा चुडा पायरीवर? ती काय बाजारात आलीय का?"

"मंग ती मय्यत काढा."

"लग्न लागेपर्यंत मी त्याला हात लावनार न्हाई, बशीरभाई. त्याच्यामुळंच जमलंय. तुम्हाला आत यायचं नसलं तर मी दुसऱ्या बाईला बोलावते."

 चाचा नुसती मान हलवून दुकानात गेले. आईने दार जरा जोरात लावलं. मी दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसले. दुसऱ्या बाईचा विचार माझ्याने होत नव्हता.

दुपारी मी समोर गेले. काय बोलायचं ते मनात पाठ केलं होतं. दुकानात कोणी नव्हतं म्हणून मागे गेले, तर चाचा अंगणात बादलीसमोर उकिडवे बसलेले. बादलीत मूठभर खडेमीठ टाकलं, हाताने ढवळलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. मग ते पाणी त्या उजाड कोपऱ्यात सावकाश ओतलं. सगळं नाही. थोडं ठेवलं, आणि मला पाहिलं.

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. मी विचारलं, "चाचा, हे काय?"

"बैठ."

मी बसले. चाचा कोपऱ्याकडे बघून बोलले. ताहेराचाची, म्हणजे त्यांची बायको, मी लहान असताना गेल्या. मला त्यांची मुठीतून दिलेली साखर आठवते. त्यांच्या मावसबहिणीचं लग्न रत्नागिरीला होतं. दोघांनी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा समुद्र पाहिला. चाचींनी किनाऱ्यावरून एक शंख उचलला आणि डब्यात घालून आणला. गाडीत डबा उघडला तर शंखातून कोणीतरी बाहेर डोकावलं.

"जिंदा व्हता तो," चाचा म्हणाले. या वेळी ते वाक्य अगदी हळू आलं. "गाडी निघाल्ती. परत कसं जानार? घरी आल्यावर ताहेरानं घमेल्यात पानी घेतलं, मीठ टाकलं, त्यात ठेवला त्याला. दिवसभर चाखून बघायची. 'पानी कम खारा है जी.' मंग अजून मीठ. तिला समुद्राची चव बराबर याद व्हती. मी तर पाय बी भिजवले न्हाई, चप्पल वाहून जाईल म्हनून."

"मग?"

"थोडे दिवस राह्यला. गेला मंग. हितंच मिट्टी दिली. ताहेरा रोज खारं पानी टाकायची. म्हनायची, परक्या मुलकात पडलाय, त्याला घरचं पानी पायजे." ते बादलीकडे बघत होते. "ती गेल्यावर मी टाकतो. पन किती मीठ ते विचारायचंच राहून गेलं. अंदाजानं टाकतो."

मी बादलीत बोट बुडवून चाखलं. का ते मला सांगता येणार नाही. खारट होतं. पण खारट किती असायला हवं, हे मलाही कुठे माहीत होतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. मी एका दमात इतकं कधीच बोलले नव्हते, त्यामुळे तव्यावरची पोळी करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "ताहेरा माझ्याकडूनच घमेलं घेऊन गेल्ती. मला वाटलं बांधकाम काढलं." आणि लाटायला लागली.

चुड्याच्या सकाळी मी हॉलमध्ये आले तर भिंतीवर नुसता खिळा होता. सोनेरी चौकट आईने नव्या टॉवेलात गुंडाळून पायरीवर ठेवली होती. समोरून चाचा बांगड्यांची पेटी घेऊन आले आणि तिथेच थबकले.

"घेऊन जा तुमचं मानूस," आई म्हणाली. "पन सांगून ठेवते बशीरभाई, लग्नात काही विघ्न आलं तर..."

"तर मला टांगा भाबी त्या खिळ्याला. बिलकुल हलनार न्हाई."

आई हसली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली आणि स्वयंपाकघरात हसली. आम्ही दोघांनी ते ऐकलं.

चाचांनी आधी ते गाठोडं आपल्या अंगणात नेऊन ठेवलं, हात धुऊन आले, चपला काढल्या आणि कितीतरी महिन्यांनी आमच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं. मी पाटावर बसले. त्यांनी माप विचारलं नाही. माझा हात घेतला, सांधे दाबले, आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक सरकत गेल्या. एकही तडकली नाही. "दोन-चार," ते स्वतःशीच म्हणाले. "जेव जरा तिकडं. मासे सोडून काय बी खा." मग देवघरापाशी बसून त्यांनी चहा प्यायला, बशीत ओतून, दोन कप.

लग्न कुठल्याही विघ्नाशिवाय लागलं. चाचा जेवणाच्या पंगतीत लोकांच्या अंगठ्या तपासत होते, एवढं सोडलं तर.

रत्नागिरीला आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही समुद्रावर गेलो. नवरा म्हणाला, "नारळपाणी घेऊ?" मी मानेने नको म्हटलं आणि सरळ पाण्यात चालत गेले. ओंजळ भरली आणि चाखलं. शेजारी खेळणाऱ्या मुलांची आई माझ्याकडे बघायला लागली. एरवी मी लाजेने परत फिरले असते. मी फोन काढला.

"चाचा, तुमची बादली कमी पडते."

 पलीकडून चाचांनी विचारलं, "किती?"

"अजून एक मूठ तरी."

चप्पल फरफटल्याचा आवाज आला. मिठाच्या डब्याचं झाकण उघडलं. पाण्यात खडे पडल्याचं मला इथवर ऐकू आलं, मग ढवळल्याचं.

"आता?" चाचांनी विचारलं, जणू मी त्यांच्या अंगणातच उभी होते.

मी पुन्हा वाकले, चुडा कोपराकडे सरकवला, समुद्रात बोट बुडवून जिभेला लावलं.

"आता बराबर," मी म्हणाले.