तहानलेल्या टॉवरचं वाक्य

नायगाव पूर्वेच्या आमच्या गृहसंकुलातील पालक संघाचा सचिव या नात्याने मी नमूद करू इच्छितो, की तिसरीच्या मुलांचं इंग्रजी व्याकरण अत्यंत सुरळीत चाललं होतं. वर्कबुकात वाक्यं ठरलेली होती. त्यातलं नाऊन, व्हर्ब, अ‍ॅड्जेक्टिव्ह कोणतं, हे क्लासच्या मॅडम पाठ करून घेत आणि परीक्षेत तीच वाक्यं येत. विचार करण्याचा त्रास कुणालाच नव्हता. अपवाद माझ्या आर्याचा. तिला पाठच होईना. चाचणी आली, की तिचं पोट दुखायचं.

अशात जवळच्या गास गावाहून येणाऱ्या इनेझ टीचर शाळेत रुजू झाल्या. त्यांनी वर्कबुक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘द थर्स्टी टॉवर वेट्स फॉर द लेट टँकर.’ तहानलेला टॉवर आणि उशिरा येणारा टँकर आमच्या पोरांना जन्मापासून ठाऊक. चाचणीत हेच वाक्य उलटसुलट करून आलं आणि आर्याला पैकीच्या पैकी मिळाले! पोरगी नाचत घरी आली. “पप्पा, तू टायर्ड, अ‍ॅड्जेक्टिव्ह! मम्मी शाउट्स, व्हर्ब!” माझ्या पत्नीला, नेत्राला, भरून आलं. मलाही आलं असतं, पण तेवढ्यात पालकांच्या ग्रुपवर मेसेज पडू लागले.

बी विंगच्या भावेशरावांच्या चिरंजिवांना भोपळा मिळाला होता. “वर्कबुकात नाही ते विचारतातच कसे? उद्या कायपण विचारतील!” कुणी लिहिलं, संकुलाला उघडउघड तहानलेलं म्हटलं तर फ्लॅटला गिऱ्हाईक कुठून येणार? टँकरवाल्याला लेट म्हटलेलं त्याच्या कानावर गेलं तर काय, हा मुद्दा सर्वांत गंभीर होता. योगायोगाने दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. मग काठावरचे पालकही तक्रारीवर सह्या करून मोकळे झाले.

आमचं शिष्टमंडळ प्रिन्सिपल फ्रेडरिक सरांना भेटलं. इनेझ टीचर तिथेच होत्या.

“पोरांना समजलंय हो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या आर्याला तर सगळ्यांत छान.”

“टीचर, व्यक्तिगत मुद्दे नकोत,” मी म्हणालो. “ज्यांना समजत नाही त्यांची सोय काय, ते सांगा.”

सरांनी वाक्य रद्द केलं, त्याचे मार्कही रद्द केले आणि यापुढे प्रत्येक वाक्याला पालक संघाचं ना-हरकत पत्र बंधनकारक केलं.

“पण माझं बरोबर होतं ना?” आर्याने घरी विचारलं.

“बरोबर होतं, बाळा. पण रद्द झालं.”

तिने वही दप्तरात टाकली आणि न जेवता झोपली. मला वाईट वाटलं, परंतु मी सचिव आहे.

छाननी समितीने कसून काम केलं. ‘ओल्ड मॅन’ला ज्येष्ठ नागरिकांनी हरकत घेतली. ‘बॉय रन्स’मध्ये मुलगा पडला तर जबाबदारी कुणाची, हे ठरेना. ‘फॅट कॅट’वरून दोन कुटुंबांनी बोलणं टाकलं. शेवटी निर्विवाद असं एकच वाक्य उरलं, ‘द स्कूल इज गुड.’ ते सर्वांनी पाठ केलं. आर्यानेही केलं. वार्षिक निकाल शंभर टक्के लागला आणि चौकात अभिनंदनाचा बॅनर झळकला.

गुणगौरवाला प्रमुख पाहुणे आले. त्यांनी आर्याच्या हाती ढाल दिली आणि माइकवर कौतुकाने विचारलं, “यू आर अ क्लेव्हर गर्ल! सांग बघू, या वाक्यात अ‍ॅड्जेक्टिव्ह कोणतं?”

मागे भिंतीशी उभ्या इनेझ टीचर एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. आर्याचे ओठ हलले. तिला येत होतं, मी बाप आहे, मला कळतं. मग ती घाबरून माझ्याकडे वळली आणि माइक तोंडाशी तसाच असताना म्हणाली, “पप्पा, हे वाक्यपण रद्द कर ना!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुण्यांचं वाक्य रद्द करण्याचा अर्ज मी तिथेच लिहिला. त्यांचा मान राखून भाषा सौम्य ठेवली आहे. खाली सह्यांसाठी भरपूर जागा सोडली आहे. आपलंही मूल कुठल्यातरी इयत्तेत असेलच, पेन देऊ?