कांचनच्या मोटारीच्या चार रिंगा

"बडोद्यात शास्त्रशुद्ध गुप्तहेर एकच. बाकीचे नुसते चौकस," अशी आपली ओळख पिलाजीराव खुर्चीतून उठून करून देत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं बेवारस पेट्यांचे मालक शोधून आपल्या बुद्धीला धार आली आहे, असं त्यांचं म्हणणं. किती मालक सापडले, हे त्यांचे मेहुणे आणि मदतनीस संपतराव यांनी कधी विचारलं नाही. त्यांना बहिणीच्या हातचं जेवण प्रिय होतं.

प्रकरण पिलाजीरावांच्या पुतणीचं होतं. कांचनने दोन वर्षं पगारातून साठवून एक जुनी जपानी टर्बोवाली मोटार घेतली होती. रविवारी करजणजवळ तिची पहिली शर्यत, आणि मोटारीच्या इंजेक्टरपाशी पेट्रोल ठिबकत होतं. तिथल्या चार रबरी रिंगा गेल्या होत्या. तपासणीत एक थेंब दिसला तरी नाव कटणार. कंपनी रिंगा सुट्या देत नव्हती. अख्खे इंजेक्टर घ्या म्हणत होती, अठ्ठेचाळीस हजारांचे. संपतरावांना फार वाईट वाटलं.

पिलाजीरावांनी चारही जुन्या रिंगा चिमट्याने उचलल्या, पाकिटात घातल्या, वर लाखेची मोहोर केली आणि पाकीट कपाटात ठेवलं. पार्सल ऑफिसची सवय. पुरावा एकदा मोहोरबंद झाला की उघडायचा नाही.

तपास पाणीगेटपासून सुरू झाला. पहिल्याच दुकानदाराने विचारलं, "नमूनो लाव्या छो?" पिलाजीरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि काढता पाय घेतला. हा पुरावा मागतो म्हणजे याचा यात हात आहे. दुसऱ्याने आणि तिसऱ्यानेही तेच विचारल्यावर टोळी सिद्ध झाली. चौथ्याला त्यांनी मोटारीचं नाव ठसक्यात ऐकवलं. त्याने तितक्याच ठसक्यात नऊ हजार सांगितले. मग टोळीने रबर दडवून ठेवल्याचा सिद्धांत निघाला आणि गोरव्यात एका गोदामावर पाच तास पाळत झाली. आत पापड होते.

"दाजी, एकदा नमुना दाखवून बघू या का?" संपतराव म्हणाले.

"पुरावा शत्रूच्या हातात देणारा गुप्तहेर माझ्या पाहण्यात नाही."

शनिवारी दुपारी मोहोर फुटलेली दिसली. पिलाजीरावांनी घरभेदी शोधायला संपतरावांच्या खिशांची झडती घेतली. दोन सुपाऱ्या निघाल्या. तेवढ्यात पिलाजीरावांच्या पत्नी आनंदीबाई पिशवी घेऊन बाहेरून आल्या.

"रिंगा मी नेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "कुकरची रिंग आणायची तर जुनी घेऊनच जाते ना मी?"

गोरव्यातल्या रबराच्या दुकानात त्यांनी जुनी रिंग काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "भाई, आवी चार आपो ने." त्याने माप घेतलं, पाण्यासाठी की पेट्रोलसाठी एवढंच विचारलं, आणि पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या चार काढून दिल्या. शंभर रुपये. मोटार कुठली, हे त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

कांचनने संध्याकाळी रिंगा स्वतः बसवल्या. अर्धा तास इंजिन चालवलं, थेंब नाही. ती काकूच्या गळ्यात पडून रडली. संपतरावांचेही डोळे भरले.

रविवारी निघताना पिलाजीरावांनी पुढचं दार उघडलं. कांचन म्हणाली, "काका, तुम्ही मागे बसा. पुढे काकू." मग दोघे मेहुणे गुडघे हनुवटीला लावून करजणपर्यंत गेले.

तपासनीसाने बॉनेट उघडून, वाकून, बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं. काम कुणी केलं, त्याने विचारलं.

"आमच्या काकूंनी," कांचन म्हणाली.

त्याने कौतुकाने आनंदीबाईंना नमस्कार केला. मागच्या सीटवरून पिलाजीराव घसा खाकरून म्हणाले, "आडनाव माझंच लावतात त्या."