भरलेली गाडी

"रविवारी ये तू. बेल वाजव, दार बाबा स्वतः उघडतील. नाही उघडलं तर खुशाल ने त्यांना तुझ्या त्या संस्थेत," असं धाकट्यानं ताईला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं. मोबाइल दुरुस्त करणारा माणूस, बोलण्यात कमी पडतोय थोडाच!

बाबांना आताशा काही आठवत नसे. गोळी विसरायचे, जेवण विसरायचे, आणि दार उघडं दिसलं की रस्त्याला लागायचे. ताईनं अशा म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत जागा बघून ठेवली, तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नव्हतं. म्हणून धाकट्यानं एक बोलका डबा बनवला. वेळ झाली की डबा त्याच्या आवाजात सांगायचा, "बाबा, गोळी घ्या." बाबा डब्यावर डाफरायचे, "तू कोण मला शिकवणार?"

शेवटी आईच म्हणाली, "अरे, जन्मभर बस चालवली त्यांनी. माझं कधी ऐकलं नाही, तुझं काय ऐकतात? ऐकलं ते फक्त कंडक्टरच्या घंटीचं."

धाकट्यानं डब्यात घंटी भरली. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. काय सांगावं, दाराकडे निघालेले बाबा एका घंटीत जागच्या जागी थांबायला लागले. दोन वाजल्या की मुकाट्यानं गोळीच्या वाटीकडे निघायचे. हुरूप येऊन त्यानं दारावरची बेलही त्याच आवाजाची बसवली. ती एकदा वाजली की थांबा आला समजून बाबा उठून दार उघडत.

रविवारी ताई आली. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, म्हणजे मनानं बसमध्येच. धाकटा आणि आई स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. पण ताई पहिल्यापासून घाईची. तिनं बेल लागोपाठ तीनदा दाबली.

तीन घंट्या म्हणजे गाडी भरली, थांबायचं नाही. हे धाकट्याला आत्ता आठवलं!

"भरलीय," बाबा दाराकडे बघून ओरडले, "मागून दुसरी येतेय."

"दुसरी काय? मी आहे बाबा, उघडा." परत तीनदा बेल.

धाकटा धावला, तर बाबांनी हात आडवा घातला. "खाली बस. चालत्या गाडीत उठायचं नाही."

"अहो, पण ताई..."

"बस म्हणतो ना."

तो बसला. आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "एकदाच वाजव गं बाई, एकदाच!"

एक घंटी वाजली. बाबांनी पायानं ब्रेक दाबला, उठून दार उघडलं आणि म्हणाले, "या, सावकाश चढा."

"ओळखलंत ना मला?" ताईनं विचारलं.

"रोज शेकड्यानं माणसं चढतात. कुणाकुणाला ओळखू?"

ताईचा चेहरा पडला. संपलं सगळं, धाकट्याला वाटलं. बाबांनी मात्र तिची पिशवी घेतली आणि तिला आपल्या मागच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. "इथं बसा. पण ही जागा माझ्या लेकीची आहे. ती आली की उठावं लागेल."

ताई ढसाढसा रडायलाच लागली. मग डोळे पुसून तिनं तिथूनच संस्थेला फोन लावला आणि बाबा येणार नाहीत म्हणून सांगून टाकलं. आईनं हुश्श केलं.

"आता डब्यात माझा आवाज भर," ताई धाकट्याला म्हणाली. "तुझं नसतील ऐकत. मी लाडकी आहे."

त्यानं भरला. डबा ताईच्या आवाजात गोड बोलला, "बाबा, गोळी घ्या ना."

बाबांनी मान मागे वळवून तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."