थोरला कॅमेरा आणि तीन डोळ्यांचा मोबाईल यांच्या पैजेची हकीकत

श्री तेजोनारायण समर्थ. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास. राजकन्येच्या लग्नात चित्राची पैज लागली, तिचे वर्तमान लोक भलतेच सांगू लागले, सबब आम्ही मंडपी खांबाशी उभे राहून जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. राज्य कोणते ते पुसू नये.

त्या राज्यी महाराज सुखरूप आणि प्रजा मोबाईलधारी. दरबारी विसाजीपंत म्हणून चित्रे काढणारे होते, कुंचल्याने नव्हे, कॅमेऱ्याने. त्यांच्या तीर्थरूपांनी खुद्द महाराजांच्या लग्नाची चित्रे काढिली, तेव्हापासून चित्रांची सनद त्यांचेच घरी. कॅमेरा थोर, भिंग हातभर लांब, खाली तिपाई, आणि पंतांचा ताठा या सर्वांहून थोर. चित्र काढणे म्हणजे सरदारांस उन्हातून सावलीत न्यावे आणि सावलीतून पुन्हा उन्हात आणावे, आणि मान डावीकडे, हनुवटी खाली करवून मग 'उजेड बसत नाही' म्हणून आपण स्वस्थ उभे राहावे, आणि तोवर पंगतीतली जिलबी निवून जावी. ती निवालेली जिलबी आम्ही खाल्ली आहे, त्यामुळे पंतांचा कैवार घेऊन लिहितो असे कोणी म्हणू नये.

ऐसे चालले असता राणीसाहेबांचे बंधू हैबतराव यांनी तीन डोळ्यांचा मोबाईल आणिला. बोट लाविताच चित्र तयार, वर्ण उजळ, सुरकुत्या गुल, पोट आत. महाराजांचे चित्र काढिले ते वीस वर्षांनी धाकटे निघाले. महाराज बहुत संतोष पावून बोलिले, "हे मात्र हुबेहूब!" पंतांनी चित्र निरखिले आणि म्हणाले, "हुबेहूब खरे, महाराज. कोणाचे, तेवढे शोधावे लागेल." मग हैबतराव तापले. म्हणाले, "तुमचे भिंग खरे दाखवीत असेल पंत, पण ते रोखाल तोवर लग्न होऊन बारसे येते." आणि शब्दास शब्द वाढून पैज ठरली की राजकन्या मैनावतीबाईसाहेबांचे लग्न आहे, त्यात अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात त्या घटकेचे चित्र ज्याचे सरस, सनद त्याची, आणि पंत हरले तर कॅमेरा जामदारखान्यात कुलुपात जावा. पंत भर दरबारात 'कबूल' म्हणाले, पण घरी जाऊन जेवले नाहीत. दुसरी विद्या हाती नव्हती, आणि असती तरी त्यात जीव नव्हता.

लग्नाचे दिवशी पंतांनी बोहल्याच्या मागल्या कोपऱ्यात तिपाई रोविली, म्हणजे वधूवर पुढे आणि सारा मांडव त्यांच्यामागे दिसावा. हैबतरावांनी मनसुबा केला की एका मोबाईलने घटका चुकेल, हजारांनी कैसी चुकेल? म्हणून वऱ्हाडात हुकूम फिरविला की सर्वांनी मोबाईल उचलावे, दोन्ही हातीं घट्ट धरावे, कोणी हलू नये. महाराजांनीही आपला पोपटी मोबाईल उचलिला. राजाच उभा राहिला, मग प्रजा काय बसते? उपाध्यांनी मंगलाष्टके म्हटली, 'सावधान' झाले, अंतरपाट दूर झाला, आणि अक्षतेचा एक दाणा पडला नाही. पडावा कैसा? हात कोणाचा मोकळा होता? वाजंत्री वाजते आणि माणूस एक दिसत नाही, जिकडे तिकडे मोबाईलच्या पाठी. बाईसाहेबांचे डोळे भरले. ते कोणी पाहू नये म्हणून त्यांनी तोंड मागे फिरविले, तो तिथे पंतांचे भिंग. पंतांचे बोट सवयीने दाबले गेले. मग त्यांनी काय दिसले ते उमजून घेतले, आणि पैज, सनद, तिपाई सर्व टाकून धावले आणि उपाध्यांच्या ताटातल्या ओंजळभर अक्षता उधळीत ओरडले, "शुभमंगल सावधान!" बाईसाहेब रडता रडता खुदकन हसल्या. नेमके तेच हैबतरावांनी टिपिले.

भोजनोत्तर मांडवातच निवाडा बसला. हैबतरावांचे चित्र पाहिले तो नवरी हसते आहे, पंतांनी हात उगारिला आहे, आणि अक्षता मुळीच नाहीत. महाराज म्हणाले, "पंत, आमच्या कन्येने तुमचे काय वाकडे केले?" मांडव हसून लोटपोट. हैबतराव म्हणाले, "मोबाईल शहाणा आहे, सरकार. केर समजून पुसल्या." उपाध्ये बोलिले, "अक्षता केर, तर मग आम्ही इथे काय झाडलोट करितो?" तरी चित्र ते चित्र. पंतांस विचारिले, तर मान खाली घालून म्हणाले, "माझे बिघडले. सनद घ्यावी." आणि भिंग उतरवू लागले.

तेव्हा बाईसाहेब पुढे आल्या. "पंतकाका, बोट दाबलेलं मी पाहिलंय. दाखवा."

"नको, ताईसाहेब. आजच्या दिवशी पाहण्याजोगं नाही ते."

त्यांनी कॅमेरा घेतला, पाहिला, आणि बापाच्या हाती दिला. महाराज बराच वेळ चित्रात शोधीत राहिले. "कन्या रडते आहे, मागे नुसत्या मोबाईलच्या पाठी. आम्ही कुठे आहोत?"

"तो पोपटी मोबाईल दिसतो ना, बाबासाहेब? त्याच्यामागे."

महाराजांनी तो पोपटी मोबाईल खाली ठेविला. आम्ही त्यांस लढाईत पाहिले आहे, ऐसे कधी पाहिले नाही. मग उपाध्यांस म्हणाले, "शेवटचे मंगलाष्टक पुन्हा म्हणा." उपाध्ये म्हणाले, "सरकार, मुहूर्त टळून गेला." महाराज म्हणाले, "लग्नाचा टळला. बापाला मुहूर्त लागत नाही." आणि मंगलाष्टक झाले, आणि महाराजांनी दोन्ही हातांनी कन्येवर अक्षता टाकिल्या, आणि बाईसाहेब त्यांच्या गळ्यात पडल्या, आणि हैबतरावसुद्धा नाक ओढू लागले.

येणेप्रमाणे वर्तमान. पैजेचा निकाल कोणी पुसला नाही, सनद पंतांकडेच राहिली. त्या दुसऱ्या वेळच्या अक्षतांचे चित्र दाखवा म्हणाल तर ते नाही. पंतांचेही दोन्ही हात अक्षतांनी भरले होते.